मामा, मावसभाऊ आणि व्हिसाच्या कायद्यातली नाती

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजोळी जमण्याची आमची रीत माझ्या लहानपणी इतकी पक्की होती की, अमळनेर तालुक्यातले ते गाव कधी रिकामे होईल असे कुणाच्या मनातही आले नसते. आई आणि मावशी माहेरपणाला येत, आम्ही भावंडे निंबाच्या झोक्यावरून भांडत असू आणि मोठी मामी मांड्यांसाठी चुलीवर खापर चढवीत असे. माझे वडील मी सात वर्षांचा असताना गेले आणि त्यानंतर माझे शिक्षण, जेवणखाण आणि मार खाणे हे सारे आजोळीच झाले. आज थोरले मामा न्यू जर्सीत आहेत, धाकटे मामा कॅनडातील ब्रॅम्प्टनला आहेत, मावसभाऊ ऑस्ट्रेलियात ॲडलेडला आहे आणि मावशीही आता त्याच्याकडेच असते. आई २०२१ मध्ये गेली. आजोळच्या वाड्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे, धुळ्याला, असते.

गेले दीड वर्ष मी आणि माझी पत्नी या माणसांजवळ जाऊन राहण्याचा मार्ग शोधत आहोत. गावात हा विषय काढला की उत्तर ठरलेले असते : "मामा शेतस ना तठे, मंग कसानी चिंता?" (मामा आहेत ना तिथे, मग कशाची चिंता?) या वाक्यातला विश्वास चुकीचा नाही, कारण आमच्याकडे मामा असणे म्हणजे खरोखरच निम्मे काम झालेले असणे. मात्र परदेशांचे स्थलांतर कायदे वाचू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की, पहिला प्रश्न कोणत्या देशात जायचे हा नसून, आपल्या कोणत्या नात्याला कोणता देश नाते मानतो हा आहे.

हे समजण्याआधी मी जळगावातल्या एका सल्लागाराकडे जाऊन आलो. अमेरिकेत आणि कॅनडात सख्खे मामा आहेत एवढे ऐकताच त्यांनी 'फॅमिली व्हिसा' होऊन जाईल असे सांगितले आणि दीड लाख रुपयांचा आकडा कागदावर लिहिला. कोणत्या प्रवर्गात अर्ज करायचा, असे मी तीन वेळा विचारले आणि तिन्ही वेळा मला चहा मिळाला. कॅनडाच्या स्थलांतराबाबत पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे तिथली वकिलीची सनद किंवा तिथल्या स्थलांतर सल्लागारांच्या नियामक संस्थेचा परवाना असावा लागतो आणि परवानाधारकांची यादी कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. त्या यादीत या गृहस्थांचे नाव नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचे नियम स्वतः वाचायला बसलो आणि हीच गोष्ट आधी केली असती तर जळगावच्या चार खेपा वाचल्या असत्या.

अमेरिकेची कथा आमच्या घरात २००८ मध्येच सुरू झाली होती. थोरले मामा आदल्या वर्षी तिथले नागरिक झाले आणि त्यांनी आईसाठी आय-१३० हा अर्ज दाखल केला. अमेरिकेचा कायदा सज्ञान नागरिकाला आपल्या सख्ख्या भावंडांसाठी असा अर्ज करू देतो. या प्रवर्गाला एफ-४ म्हणतात. केवळ ग्रीन कार्ड असलेल्याला भावंडांसाठी अर्ज करता येत नाही, त्यासाठी नागरिकच असावे लागते. आमच्याकडे त्या वेळी पेढे वाटले गेले, कारण अर्ज दाखल होणे आणि व्हिसा मिळणे यांत किती वर्षांचे अंतर असते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. या प्रवर्गासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा असतात आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असते. त्यामुळे भारतातील भावंडांची रांग अशी लांबली आहे की, २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे मासिक पत्रक २००६ सालच्या अर्जांवरच होते. म्हणजे आई आज हयात असती, तरी तिचा नंबर अजून लागलेला नसता.

ज्याच्या नावाने अर्ज केला ती व्यक्तीच वारली, तर भारतात राहणाऱ्या तिच्या मुलांना त्या अर्जाचा आधार राहत नाही. आणि ती वारली नसती तरी माझा उपयोग नव्हता, कारण आईवडिलांसोबत जाणाऱ्या मुलाचे वय २१ च्या आत असावे लागते. अर्ज मंजुरीसाठी जितका काळ पडून राहिला तितका वयातून वजा करण्याची सवलत आहे. परंतु नंबराची वाट पाहण्यात गेलेली वर्षे वजा होत नाहीत. अर्ज झाला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. मामांना वाटत होते की आता त्यांनी थेट माझ्यासाठी अर्ज करावा. भाच्यासाठी अर्ज करण्याचा प्रवर्गच अमेरिकेच्या कायद्यात नाही, हे त्यांना सांगताना मला जितके अवघडल्यासारखे झाले, तितके सल्लागाराच्या कार्यालयातही झाले नव्हते.

एका नातलगाने सुचवले की पर्यटक व्हिसावर जावे आणि पुढचे पुढे पाहावे. मुदत संपल्यावर सलग १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून मग देश सोडला तर तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेशबंदी होते, एवढे सांगून मी तो विषय मिटवला. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन असले पुढचे पुढे मला पाहायचे नाही.

कॅनडात मामांचे वजन थोडे अधिक आहे, पण ते चुकीच्या तराजूवर आहे. तिथे नोकरीचे कौशल्य पाहून कायमचा निवास देणाऱ्या संघीय योजनेत प्रवेशासाठी १०० पैकी ६७ गुण लागतात आणि तिथे राहणारा मामा, काका, आत्या किंवा मावशी असल्यास त्यांतले ५ गुण मिळतात. हे वाचून मी त्या रात्री ब्रॅम्प्टनला फोनही केला होता. नंतर कळले की हा झाला केवळ दारातून आत येण्याचा हिशेब. आत आल्यावर उमेदवारांची क्रमवारी दुसऱ्याच गुणांवर ठरते आणि तिथे केवळ सख्ख्या, सावत्र किंवा दत्तक भावंडाचे १५ गुण आहेत, मामाचे शून्य. त्या क्रमवारीत वयाचे पूर्ण गुण विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंतच मिळतात आणि पुढे दर वाढदिवसाला ते घटत जातात. मी पस्तिशीत आहे. मामा थेट प्रायोजक होऊ शकतील, तर ते भाचा अनाथ, अविवाहित आणि अठरा वर्षांच्या आतला असेल तेव्हा, किंवा प्रायोजकाला स्वतःचे म्हणावे असे जवळचे कुणीच नसेल तेव्हा. मामांना मामी आहे, दोन मुले आहेत. देवाने ती सुखात ठेवावीत.

ऑस्ट्रेलियाकडे मी शेवटी वळलो, कारण मावसभाऊ हे नाते तर मामापेक्षाही दूरचे. मामांना कोणी विचारत नाही तिथे मावसभावाला कोण विचारणार, असा माझा सरळ हिशेब होता आणि तो साफ चुकला. ऑस्ट्रेलियाचा ४९१ क्रमांकाचा व्हिसा नोव्हेंबर २०१९ पासून सुरू आहे. तो कुशल कामगारांना महानगरांबाहेरच्या भागात वसवण्यासाठी असून एखाद्या राज्य सरकारच्या शिफारशीवर किंवा तिथे स्थायिक असलेल्या नातलगाच्या प्रायोजकत्वावर मिळू शकतो. या नातलगांच्या यादीत आईवडील आणि सख्खी भावंडे तर आहेतच; शिवाय आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणे आणि 'फर्स्ट कझिन' म्हणजे आपली चुलत, मामे, आते, मावस अशी चारही प्रकारची भावंडे आहेत. इंग्रजीला ज्यासाठी एकच शब्द पुरतो त्यासाठी आपल्याकडे चार शब्द आहेत, ही गोष्ट मला पहिल्यांदाच उपयोगाची वाटली.

यात एक मोठी अट आहे. प्रायोजक नातलग नागरिक किंवा कायमचा रहिवासी तर हवाच, पण त्याचे वास्तव्यही ठरवून दिलेल्या प्रादेशिक भागात हवे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे त्यातून वगळली आहेत, ॲडलेड मात्र प्रादेशिक भागात मोडते. माझा मावसभाऊ मेलबर्नला होता. घरभाड्याला कंटाळून तो दोन वर्षांपूर्वी ॲडलेडला गेला, तेव्हा मावशीने मोठे शहर सोडले म्हणून त्याला पुष्कळ बोल लावले होते. तो मेलबर्नलाच राहिला असता, तर मला हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि हा व्यवसाय त्यांच्या यादीत आहे. अर्ज करण्याचे निमंत्रण येते त्या वेळी वय ४५ च्या आत आणि किमान ६५ गुण असावे लागतात. माझा हिशेब असा : वयाचे २५, पदवीचे १५, आठ वर्षांहून अधिक अनुभवाचे १५, इंग्रजीच्या दुसऱ्या पायरीचे १० आणि पत्नीच्या कामचलाऊ इंग्रजीचे ५, असे ७०, प्रायोजक नातलगाचे १५ धरून ८५. 'कामचलाऊ' हा माझा अनुवाद पत्नीला मान्य नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि परीक्षेची तयारी माझ्याहून अधिक नेटाने करते आहे. गुण भरले म्हणजे निमंत्रण आले असे नव्हे; नातलगांच्या प्रायोजकत्वावर फार थोडी निमंत्रणे निघतात आणि ती वरच्या गुणांपासून दिली जातात. व्हिसा पाच वर्षांचा असतो, त्या काळात प्रादेशिक भागातच राहावे लागते आणि तीन वर्षांनंतर कायमच्या निवासासाठी अर्ज करता येतो. पत्नी आणि मुलगी याच अर्जात समाविष्ट होतात. मी चाळिशी गाठली की वयाचे गुण २५ वरून १५ वर येतील. म्हणजे माझ्या हातात २०३० पर्यंतचा काळ आहे.

त्याआधी अभियंत्यांच्या तिथल्या संस्थेकडून पात्रतेचे मूल्यमापन करून घ्यायचे आहे. त्यासाठी आपण स्वतः केलेल्या कामांची तीन सविस्तर टिपणे लिहावी लागतात. पूल 'आम्ही' बांधला असे लिहून चालत नाही, त्यात 'मी' काय केले ते लिहावे लागते. दहा-बारा वर्षे साइटवर काढलेल्या माणसाला हे वाटते त्याहून अवघड जाते.

खरी परीक्षा झाली ती नाते सिद्ध करण्याची. मावसभाऊ असल्याचा पुरावा म्हणजे माझी आई आणि त्याची आई या एकाच आईबापांच्या मुली असल्याचा पुरावा. दोघींचा जन्म गावात घरी झालेला. ग्रामपंचायतीत नोंद सापडली नाही आणि तहसीलमधल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नमुना नंबर १४ मध्ये केवळ "मुलगी" अशी नोंद आहे, नाव नाही. शाळेच्या दाखल्यांवर दोघींची जन्मतारीख १ जून आहे, कारण त्या काळी गुरुजी सगळ्यांचीच तीच लिहीत. एकीच्या दाखल्यावर आजोबांचे नाव विठ्ठल, दुसरीच्या दाखल्यावर विठोबा. लग्नानंतर आईचे आडनाव तर बदललेच, पण सासरी नावही बदलले. त्यामुळे दाखल्यावरची मुलगी आणि माझ्या पासपोर्टवरची आई या कागदोपत्री दोन निराळ्या बायका आहेत.

हा गुंता धाकट्या मामांनी फोनवरून सोडवला. आजोबा १९९८ मध्ये गेल्यावर शेतीला वारसांची नोंद लागली होती आणि पुढच्या वर्षी दोघी बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोड पत्र करून दिले होते. मी तलाठ्याकडून फेरफाराचा उतारा काढला आणि अमळनेरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात शोधाचा अर्ज देऊन तिसऱ्या खेपेला त्या दस्ताची प्रमाणित नक्कल मिळवली. त्यात आईचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे, तसेच मावशीची दोन्ही नावे लिहिलेली आहेत, आजोबांचे नाव "विठ्ठल ऊर्फ विठोबा" असे आहे आणि दोघी त्यांच्या सख्ख्या मुली असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. इतके स्वच्छ नाते सांगणारा दुसरा कागद आमच्या घरात नाही. माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडताना केलेला हा दस्त आता, सव्वीस वर्षांनी, त्या दोघी बहिणी असल्याचा पुरावा म्हणून कामी येतो आहे. त्या दिवशी मी निबंधक कार्यालयाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिलो.

नक्कल आता अनुवादासाठी दिली आहे. अनुवादकांनी काल फोन करून विचारले की "स्वखुशीने, भावांवरील प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता" या ओळीचा अनुवाद पूर्ण करायचा की नात्यापुरता मजकूर पुरेल. पूर्ण करा, असे मी सांगितले. मावशीला ॲडलेडहून प्रतिज्ञापत्र पाठवायचे आहे. त्यात सही मराठीत केली तर चालेल का, हे तिने विचारले आहे आणि दस्तावर जशी आहे तशीच करावी, असे मी तिला कळवले आहे.