आमची वाटचाल : फवारणी पंपापासून पहारीपर्यंत

2009 साली कोथरूडमध्ये मेव्हण्याच्या अर्ध्या गॅरेजात आम्ही झाडांवर उपचार करायचा धंदा सुरू केला. भांडवल म्हणजे एक पॉवर स्प्रेयर, दोनशे लिटरचं पिंप आणि त्याच मेव्हण्याचा टेम्पो. मी कृषी पदविकावाला, त्याआधी चार वर्षं कीटकनाशकं विकत द्राक्षबागा हिंडलेला. त्यामुळे झाड आजारी म्हटलं की औषध, एवढंच डोक्यात होतं. व्हिजिटिंग कार्डवर ‘झाडांचे डॉक्टर’ असं छापून घेतलं होतं. त्यातली शंभरेक कार्डं अजून शिल्लक आहेत, आता कुणाला देत नाही.

धंदा चालला. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, सातविणीच्या पानांवर गाठी, सोसायटीच्या गेटवरच्या बॉटल पामला गेंड्या भुंगा. शहरात गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. आंब्याच्या भिरुडाचं काम तर मला मनापासून आवडायचं. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की वर कुठेतरी भोक असणारच. ते शोधायचं, सायकलच्या स्पोकला आकडा करून आतली अळी ओढून काढायची, औषधात भिजवलेला कापसाचा बोळा कोंबायचा आणि वरून चिखल लिंपायचा. अंगठ्याएवढी जाड पांढरी अळी बाहेर आली की बघायला अख्खी सोसायटी जमायची. असं काम केलं की बिल मागायला संकोच वाटत नाही.

मग 2013 मध्ये गुलमोहर पडला.

एका मोठ्या सोसायटीतलं जुनं झाड. पानं पिवळी पडलेली, शेंडे वाळलेले. आम्ही तीन फवारण्या केल्या, सूक्ष्म अन्नद्रव्यं दिली, पैसे घेतले. मेअखेरच्या वळवात रात्री साडेआठला ते मुळासकट आडवं झालं. खाली दोन स्कूटर सापडल्या. वॉचमन चहाला गेला होता म्हणून वाचला. सकाळी मुळं पाहिली तर एका बाजूची सगळी सरळ रेषेत कापलेली. दोन वर्षांपूर्वी ड्रेनेज लाइनसाठी चर खणला होता, तेव्हाची. टोकं कुजून काळी पडली होती. बुंध्याशी तपकिरी, चकचकीत, फळीसारखी बुरशी होती. ती गॅनोडर्मा, मुळं आणि बुंधा आतून कुजवणारी. फवारणीच्या वेळी मी ती पाहिली होती आणि छान दिसते म्हणून तिचा फोटोही काढला होता.

त्या सोसायटीने आम्हाला परत बोलावलं नाही, आणि बरोबरच केलं.

तेव्हापासून आम्ही झाडाकडे खालून वर बघायला लागलो. पहिला तास बुंध्याभोवती जातो. लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकायचं, बुरशी शोधायची, गेल्या पाच वर्षांत इथे कुणी काय खणलं ते वॉचमनला विचारायचं (सेक्रेटरीला हे कधीच माहीत नसतं). झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यावर आपण पेव्हर ब्लॉक बसवतो, बुंध्याला सिमेंटचा गळफास लावतो आणि पानं पिवळी पडली की औषध विचारतो.

म्हणून आता आमचं मुख्य हत्यार पहार आहे. बुंध्याभोवतालचं काँक्रीट फोडायचं, दबलेली माती हाताने सैल करायची, मुळं चुकवत हातगिरमिटाने फूट-दीड फूट खोल भोकं पाडून त्यात कंपोस्ट भरायचं, वरून पालापाचोळा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश मी फाईलमध्ये घेऊन फिरतो. आदेश दिल्लीचा असला तरी पुण्यातल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कागद दाखवला की आवाज जरा खाली येतात.

अडचण पैशांची. बिलात ‘माती उकरणे’ लिहिलं की अध्यक्ष म्हणतात, हे तर आमचा माळीही करेल. आता आम्ही ‘मूळक्षेत्र सुधारणा’ लिहितो. काम तेच, पण घासाघीस निम्मी.

छाटणीचंही तसंच. आमचे तात्या मुळशीचे, झाडावर चढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, पण फांदी बुंध्याला घासून साफ कापायची त्यांची जुनी सवय. फांदीच्या बुडाशी जी सुजल्यासारखी कड असते ती राखली तर झाड जखम भरून काढतं, हे अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं. तात्यांना पटायला दोन पावसाळे लागले. आता तेच नव्या पोरांना सांगतात, ‘आधी खालून खाच, मग वरून काप, कडेला हात लावशील तर खाली उतर.’ जखमेवर मोरचूद-चुन्याची पेस्ट मात्र गिऱ्हाइकाला हवीच असते. निळा रंग दिसला नाही तर काम झालंसं वाटत नाही.

फांदी तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 चा कायदाच आहे. त्यात वेळ जातो आणि त्यामुळे आमची कामंही जातात. एकदा एका दुकानदाराचा फोन आला, ‘डॉक्टर, बोर्ड झाकला जातोय. हळूहळू वाळेल असं काही औषध आहे का?’ मी म्हटलं, आहे, पण ते तुमच्या बोर्डालाच लावावं लागेल. फोन ठेवला त्यांनी.

मुंबईत वर्षावृक्ष (रेन ट्री) मिलीबगने, म्हणजे पिठ्या ढेकणाने, वाळायला लागले तेव्हा तिकडूनही विचारणा आली. साठ फुटी झाडावर भर रस्त्यात फवारणी म्हणजे झाडापेक्षा बस स्टॉपवर औषध जास्त. नाही म्हणालो. ते मोठं काम होतं. बायको आठवडाभर बोलत नव्हती, कारण टेम्पोचे हप्ते तीच भरत होती.

आज सहा जण आहोत, टेम्पो आमच्या मालकीचा. गेल्या उन्हाळ्यात एका रस्त्यावरच्या सात झाडांतून आम्ही खिळे, बोर्डाच्या तारा आणि दिव्यांच्या माळांचे स्टेपल काढले. सगळं मिळून सव्वा किलो भरलं. डबा ऑफिसात टेबलावर ठेवला आहे. पॉवर स्प्रेयरही आहे, पण त्याचा पाइप मध्यंतरी उंदरांनी कुरतडला आणि तो बदलायची वेळ अजून आलेली नाही.