राजाराम किती?

जुलै उजाडला की कोल्हापुरात दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, "राजाराम किती?" बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, कुणाचं तरी वय विचारताहेत. हा राजाराम म्हणजे पंचगंगेवरचा, कसबा बावड्याचा बंधारा. तिथं पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 43 वर धोका पातळी. पाढे न येणाऱ्या पोरालाही हे दोन आकडे पाठ असतात.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा निरोप दिवसभर मोबाईलवर येत राहतो. बंधाऱ्याची पातळी फूट-इंचांत, किती बंधारे पाण्याखाली, कुठल्या धरणातून किती विसर्ग. बस्स. त्यात एकही विशेषण नसतं, आणि मला त्यातलं तेच सगळ्यात आवडतं. त्या कोरड्या ओळीवर घरोघरी निर्णय होतात. सुतारवाड्यातली माणसं बोचकी बांधायला लागतात, आंबेवाडी-चिखलीकर जनावरं हलवायचं बघतात. प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो. शेजारच्या काकूंचा 45. त्या आकड्याला धान्याचे डबे माळ्यावर जातात, एक इंचही आधी नाही.

राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांवर तर लोकांचा विशेष जीव. धरण भरलं की ते आपले आपण उघडतात. ना मंत्र्यांचा आदेश, ना नारळ. एका दरवाजातून 1428 क्युसेक. सहावा उघडला, तिसरा मिटला, हे चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या स्कोअरसारखं सांगितलं जातं.

याउलट कुणी मोठ्या माणसानं टीव्हीवर "परिस्थिती नियंत्रणात आहे, घाबरून जाण्याचं कारण नाही" म्हटलं, की आमच्या गल्लीत फ्रिज वरच्या मजल्यावर चढू लागतात. इतक्या वेळा ऐकलंय ते, की त्याचा अर्थ आता उलटाच लागतो. पोलिसांची जीप येते ती भोंगा लावून, पण जीप चालू, पाऊस चालू, कानावर पडतं ते एवढंच, "...नागरिकांनी... स्थळी... आवाहन..." जीप वळली की खिडक्याखिडक्यांतून एकच प्रश्न, "काय म्हणाला ओ?" तरी पोलिसांना मी नावं ठेवणार नाही. रात्री गुडघाभर पाण्यात दारं ठोठावत फिरतात तेच, आणि दारावरची थाप बरोबर कळते.

वार्ताहरांचे दोन प्रकार. एक पहाटे बंधाऱ्यावर जाऊन आकडा बघून येणारा. दुसरा कॅमेऱ्यासमोर मुद्दाम खोल पाणी शोधून उभा राहणारा. त्याच्या मागनं कुणी सायकल ढकलत निवांत निघून जातो, तेव्हा पाणी खरं किती ते सायकलच्या चाकावरून समजतं.

2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, तेव्हापासून अफवांनाही बळ आलंय. दर पावसाळ्यात कुणीतरी त्याच वर्षीचा व्हिडिओ "आत्ताचा" म्हणून फिरवतो, नाहीतर धरण फुटल्याची आवई उठते. "विश्वास ठेवू नका" या सूचनेनं ती थांबलेली मी तरी पाहिली नाही. कुणीतरी शिवाजी पुलाकडं जाऊन येतो आणि म्हणतो, "कालच्यापेक्षा दोन इंच खालीच हाय की," मग माणसं जेवायला बसतात. पूर बघायला जाणाऱ्या गर्दीला सगळे हसतात, पोलीस हाकलतात. पण बघून यायची सोय आहे म्हणून तर त्या आकड्यावर विश्वास आहे.

मागं एकदा एक नेते पूर पाहायला आमच्याकडं आले होते. लोकांनी हार-बीर काही आणला नव्हता. नेत्यांनीच विचारलं, "आत्ता पातळी किती?" शेजारच्या साहेबांनी हाताखालच्या साहेबांकडं पाहिलं, त्यांनी मोबाईल काढला, रेंज नव्हती. कट्ट्यावर बसलेलं एक पोरगं म्हणालं, "बेचाळीस सात, साहेब. मगाशी बेचाळीस सहा होतं."