काओरची वही: बदकाची तंगडी, कासुले आणि आपलं सुकं मटण

फ्रान्समधल्या बर्गंडीच्या वाइनमधून बाहेर पडून नैऋत्येकडच्या वाइनकडे वळते, असं मागच्या नोंदीत म्हटलं होतं. तूलूझमध्ये राहायचं, रेल्वेने तासा-सव्वातासावर काओर, आणि तिथल्या वाइनची नीट ओळख नसावी, हे काही बरं दिसत नव्हतं. त्यामुळे सध्या आमच्याकडे काओरच उघडली जाते.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. लॉत नदी इथे मोठमोठी वळणं घेत जाते. तिच्या काठावर गाळ-गोट्यांच्या जमिनीचे टप्पे आहेत आणि वर चुनखडीचं पठार. काओर या नावाने फक्त लाल वाइन विकता येते. तिच्यात किमान 70 टक्के माल्बेक हे द्राक्ष लागतं, बाकी मेर्लो आणि ताना ही द्राक्षं. संरक्षित नावाचा हा दर्जा (आपेलासियों) तिला 1971 मध्ये मिळाला. त्याआधी फेब्रुवारी 1956 च्या थंडीने बहुतेक सगळ्या बागा मारल्या होत्या आणि लागवड जवळजवळ नव्याने करावी लागली. गंमत म्हणजे माल्बेक इथलं, पण नाव झालं ते अर्जेंटिनामुळे. मिशेल पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने 1853 मध्ये तिकडे फ्रेंच द्राक्षवाणांच्या काड्या नेल्या, त्यात हेही होतं. आता काओरवालेच बाटलीवर ‘माल्बेक’ ठळक छापतात.

यावेळी दोन बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या. एक नदीकाठची, तरुण, ओकच्या पिंपात न ठेवलेली. दुसरी पठारावरची, पिंपातली, काही वर्षं मुरलेली. पहिलीचा रंग कडेला चक्क जांभळा. ग्लासमागे बोट धरलं तर दिसत नाही. वास काळ्या मनुकांचा, थोडा जांभळ्या फुलांचा. नुसती प्यायली तर अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आणि हिरड्या आवळून येतात. ‘ही काय औषध म्हणून घ्यायची?’ इति नवरा. दुसरीत तुरटपणा तेवढाच, पण गोलावलेला. मागून चामडं, तंबाखू असे वास येतात. ती दीड तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून रुंद सुरईत, ओतून ठेवली होती आणि तिला ते मानवलं. तापमान सोळा-सतरा अंश. त्याहून गरम झाली की अल्कोहोलच नाकात जातं.

मग काँफी. बदकाची तंगडी मीठ लावून ठेवतात, तिच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात आणि त्याच चरबीत मुरवतात. डब्यातली आणली तरी चालते. चरबी निथळून तव्यावर कातडीची बाजू खाली ठेवायची आणि ती कुरकुरीत होईपर्यंत हलवायची नाही. एक घास, मग त्या तरुण बाटलीचा घोट, आणि मघाचं जांभूळ गायब! टॅनिन, म्हणजे वाइनमधलं तुरट द्रव्य, एरवी आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. मांस आणि चरबी तोंडात असली की त्याची पकड सुटते. वर चरबीचा तवंग आंबटपणाने धुतला जातो, पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. नुसत्या घोटावर काओरला गुण देणारे लोक मला म्हणूनच पटत नाहीत.

कासुले या इथल्या घेवडा-मांसाच्या पदार्थाबरोबर मात्र मुरलेली बाटली सरस ठरली. पांढऱ्या घेवड्याचा पिठूळपणा, सॉसेज, वर भाजलेली खरपूस साय. एवढ्या जड ताटाला तरुण बाटलीचा नुसता फळांचा स्वाद पुरत नाही.

इकडची एक खेडवळ रीत आहे: शाब्रो. सूप संपत आलं की वाडग्यात तळाशी थोडं ठेवायचं, त्यात लाल वाइन ओतायची आणि वाडगा उचलून प्यायचा. कोबी, घेवडा, बदक घातलेल्या गार्ब्यूर सूपवर करून पाहिलं. चरबीचे गोल थेंब जांभळ्या पाण्यावर तरंगतात, दिसायला काही खास नाही. पण चव झकास. यासाठी स्वस्तातलीच बाटली घ्या.

चीजमध्ये रोकामादूर, म्हणजे शेळीच्या दुधाची इवलीशी चकती. ताजी आणि मऊ असेल तर वाइन कडवट लागते. वाळून घट्ट झालेली बरी. डार्क चॉकलेट आणि काओर ही शिफारस दुकानात हमखास ऐकायला मिळते. माझा ठाम विरोध. तुरटावर तुरट कशाला?

आता आपल्याकडच्या जेवणाचा प्रश्न. कोल्हापुरी तांबडा रस्सा: नाही. तिखटाने पेटलेल्या जिभेवर टॅनिन आणखी बोचतं, अल्कोहोल जाळतं. पण मिरची हात राखून घातलेलं, भाजलेलं खोबरं आणि मिरी पुढे असलेलं सुकं मटण उत्तम जमतं. त्यासाठी इथल्या केर्सी पठारावरचं कोकराचं मांस आणलं होतं. त्या मेंढ्यांच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात, बाजारातल्या पाटीवरही तेच चित्र. खांद्याचा तुकडा घ्या, मांडीचा फार कोरडा पडतो.

पुढे मादिराँ, नैऋत्येतलाच आणखी एक वाइन-प्रदेश. तिथे ताना प्रमुख, म्हणजे तुरटपणा काओरच्याही वरचा. तो नरमवण्यासाठी वाइनमध्ये थोडाथोडा ऑक्सिजन सोडायचं तंत्र तिथले वाइन-उत्पादक पात्रिक द्यूकुर्नो यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेच काढलं. तसं केलेली आणि न केलेली, दोन्ही मिळवायच्या खटपटीत आहे. कुणाकडे मुरलेली मादिराँ असेल तर काँफीबरोबर उघडा आणि नोंद टाका.