मोबाईलवरचे पत्ते: खेळ आणि खरेदी
पत्ते जमवून खेळायचे डिजिटल खेळ मला मनापासून आवडतात, आणि त्यातही 2022 साली आलेला ‘मार्व्हल स्नॅप’ मोबाईलसाठी सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो. 12 पत्त्यांचा डेक (खेळायला निवडलेला गठ्ठा), पत्ते लावायची तीन ठिकाणे आणि सहसा सहा फेऱ्या, त्यामुळे चहा उकळेपर्यंत एक डाव पुरा होतो. दोन्ही खेळाडू एकाच वेळी पत्ते लावतात, समोरच्याने काय लावले ते नंतरच उलगडते, आणि हातातली पाने जुळत नसतील तर मोजके क्यूब, म्हणजे डावावर लागलेले गुण, गमावून वेळीच माघार घेता येते. माघारीची ही मुभाच, माझ्या मते, या खेळाचा प्राण आहे.

अडचण सुरू होते ती संग्रह वाढवताना. ‘हार्थस्टोन’ या अशाच दुसऱ्या डिजिटल खेळात नकोसा झालेला साधा (सोनेरी नसलेला) लेजंडरी, म्हणजे सर्वांत दुर्मिळ दर्जाचा, पत्ता मोडला तर 400 डस्ट (पत्ते बनवायला लागणारे खेळातले चलन) मिळते आणि हवा तो बनवायला 1600 लागते, म्हणजे असे चार पत्ते गमवावेत तेव्हा एक हाती येतो. शिवाय फक्त अलीकडचे संच चालणाऱ्या स्टँडर्ड प्रकारातून जुने संच दरवर्षी बाद होतात. कागदी पत्ता निदान मित्राला देता येतो किंवा विकता येतो. इथे सर्व्हर बंद पडला की सगळेच गेले.

बेल्जियमच्या जुगार नियामकाने 2018 साली काही खेळांतले पैसे मोजून उघडायचे, पण आत काय निघेल ते आधी न कळणारे लूट बॉक्स बेकायदा ठरवले. तशाच नशिबावर चालणाऱ्या पत्त्यांच्या पॅकनाही हाच निकष लावावा आणि हवा तो पत्ता ठरलेल्या किमतीला थेट विकावा, असे माझे ठाम मत आहे.