तुम्ही विचारलेत म्हणून : मुलीजवळ बसायचे सोडून निवेदने कसली लिहिता?

हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, शाळेतल्या इतर आया विचारतात आणि अलीकडे आमच्या पालक गटात नव्याने आलेल्या एका वडिलांनीही विचारला. त्यांच्या मुलाला टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही आणि ते रोज टोचून घ्यावे लागते असा आजार, असल्याचे नुकतेच कळले होते. माझ्या मुलीलाही तोच आहे. "मी आता मुलाची शुगर सांभाळू की शिक्षण खात्याला पत्रे लिहू?" असे ते म्हणाले. इतरांना मी आजवर उत्तर दिले नाही. त्यांना देणे भाग आहे.

मुलीकडे माझे दुर्लक्ष होते, हे मला मान्य नाही. रात्री-अपरात्री उठून तिची शुगर तपासणे, प्रत्येक जेवणाआधी ताटातल्या कर्बोदकांचा अंदाज घेऊन इन्सुलिनचे युनिट ठरवणे, हे सगळे आमच्या घरात रोज होते. पण दिवसाचा मोठा भाग ती शाळेत असते आणि तिथे तिला काय करू द्यायचे, हे मी ठरवत नाही.

ती पाचवीत असताना शाळेने वर्गात सुई नको म्हणून तिचा संपूर्ण संच, म्हणजे ग्लुकोमीटर, पट्ट्या, इन्सुलिनचे पेन आणि ग्लुकोजची पावडर, तळमजल्यावरच्या कार्यालयातील कपाटात ठेवायला लावला होता. एके दिवशी खेळाच्या तासानंतर तिची शुगर एकदम खाली गेली आणि तिने बाकावर डोके टेकले. बाईंना वाटले की ती झोपली आहे, म्हणून त्या रागावल्या. नंतर विचारलेल्या प्रश्नाला ती भलतेच काही उत्तर देऊ लागली, तेव्हा एका मैत्रिणीला सोबत देऊन त्यांनी तिला खाली पाठवले. शुगर उतरलेल्या मुलाला एकट्या मैत्रिणीच्या आधाराने जिना उतरायला लावू नये, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कपाटाला कुलूप होते, किल्ली ज्यांच्याकडे असे त्या कर्मचारी रजेवर होत्या. मुलगी घामाने भिजली होती, तिचे हात थरथरत होते आणि आसपासची मोठी माणसे मला फोन लावत होती. शेवटी शिपाईमामांनी चहासाठी आणलेली साखर पाण्यात विरघळवून तिला पाजली. त्यांच्या आईला मधुमेह होता, म्हणून त्यांना ही लक्षणे ठाऊक होती. मी पोहोचले तेव्हा दुसरी किल्ली सापडली होती. साखर पोटात गेल्यानंतरही मीटरवर ६१ आकडा आला. सत्तरच्या खाली आले की आम्ही धावतो, म्हणजे त्याआधी तो किती असेल, याचा विचार मी आजही टाळते. संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. रात्री मुलगी मला एवढेच म्हणाली, "मी मुद्दाम झोपले नव्हते, बाईंना सांग."

या प्रसंगात कोणी दुष्ट नव्हते. मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी संच दप्तरात ठेवायची परवानगी दिली. तेव्हाची मी त्यावर समाधानी होते. आपले मूल, आपली शाळा, समजावून सांगितले की माणसे ऐकतात, असे मला मनापासून वाटत असे. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक बदलले. नव्यांनी शांतपणे विचारले, "वरून काही लेखी आले आहे का?" त्या दिवसापासून मी निवेदने लिहिते.

लेखी काहीच नाही असे नाही. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीत खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा मुलांना शाळेत शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे आणि मधल्या वेळी खाऊ द्यावे, असे कळवले. पण ते पत्र वर्गापर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्याची प्रत हातात घेऊन पालकालाच जावे लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकांची संख्या, खोल्या, स्वच्छतागृहे आणि ग्रंथालय आहे, परिचारिका नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी वर्षातून एकदा होते. आमच्या मुलांना ती दिवसातून अनेकदा लागते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने आजारी मुलांसाठी व्यवस्था करणे हे शाळांचे कर्तव्य ठरवले. आमची मागणी तेवढीच आहे. वापरात असलेले पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात राहते, त्यामुळे "शाळेत फ्रीज नाही" हे कारण टिकत नाही, हेही आम्ही दर निवेदनात लिहितो, पोचपावती घेतो आणि स्मरणपत्र पाठवतो.

एका अधिकाऱ्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अशी मुले किती?" प्रश्न रास्त होता आणि आमच्याकडे आकडा नव्हता. मोजायला निघालो, तेव्हा अनेक घरांनी आजार शाळेपासूनही लपवलेला आढळला, विशेषतः मुलींचा, कारण पुढे लग्न आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या आजाराचा समावेश व्हावा, असे गटातल्या काहींना वाटते. काहींना आपल्या मुलावर तो शिक्का नको आहे. दोन्ही बाजू मला समजतात, आणि मी अजून कोणत्याच बाजूला हात वर केलेला नाही. शिवाय बैठकांना येतात ते रजा काढू शकणारे पालक. ज्या आईचा बैठकीपायी दिवसाचा रोज बुडतो, तिच्या वतीने आम्ही बोलतो खरे, पण तिने आम्हाला तसे सांगितलेले नाही.

माझ्यातली ती जुनी आई अधूनमधून वाद घालते. त्या दिवशी मुलीला वाचवले ते शिपाईमामांनी, परिपत्रकाने नव्हे, असे ती म्हणते आणि ते खरे आहे. मी तिला सांगते की प्रत्येक शाळेतल्या शिपायाच्या आईला मधुमेह असणार नाही. त्यावर ती विचारते की परिपत्रक आले तरी ते वाचणार कोण? याचे उत्तर माझ्याकडे नाही.

नव्या वडिलांना मी सांगितले की सुरुवातीचे महिने काही लिहू नका, मुलाजवळच राहा; शाळेने "लेखी आहे का" असे विचारले की फोन करा.

कपाटाचा प्रसंग आमच्या पहिल्या निवेदनात होता. तेव्हा मुलीला विचारूनच तो लिहिला होता. आता ती तेरा वर्षांची आहे आणि तिने तो काढून टाकायला सांगितले आहे. अनोळखी माणसांनी आपल्याला त्या अवस्थेत पाहावे, असे तिला वाटत नाही. हा लेख मात्र तिने वाचला आणि नाव नसल्यामुळे राहू दिला. नवे निवेदन त्या प्रसंगाशिवाय तयार झाले आहे. एखादे उदाहरण द्या, असे अधिकारी नक्की म्हणतील, आणि तेव्हा कोणाच्या मुलाचे द्यायचे, यावर गटात अजून एकमत झालेले नाही.