गाजराचा रंग आणि पार्टिकल इन अ बॉक्स

टीवायला (बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला) फिजिकल केमिस्ट्री घेतलेल्यांना माझं एकच सांगणं, पार्टिकल इन अ बॉक्सचं, म्हणजे बंद डब्यात अडकलेल्या कणाच्या ऊर्जेच्या लेव्हल काढणाऱ्या मॉडेलचं, डेरिव्हेशन नुसतं पाठ करू नका, त्यात खरे आकडे घालून बघा. गाजराला केशरी रंग देणारं बीटा कॅरोटीन घ्या. एकाआड एक ११ डबल बॉन्ड, म्हणजे २२ पाय इलेक्ट्रॉन (डबल बॉन्डमधले, साखळीभर फिरू शकणारे), एका लेव्हलला दोन धरले की ११ लेव्हल भरल्या आणि उडी ११ वरून १२ वर, ऊर्जा लेव्हलच्या नंबराच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून १२ आणि ११ च्या वर्गांची वजाबाकी २३. बॉक्स म्हणजे ही बॉन्डची साखळीच, तिची लांबी २१ बॉन्ड गुणिले ०.१४ नॅनोमीटर. आता या उडीसाठी शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ काढा, १२४० नॅनोमीटरच्या आसपास येते, म्हणजे चक्क इन्फ्रारेड! प्रत्यक्षात ते ४५० च्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं, म्हणून तर केशरी दिसतं ना. मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच, मॉडेल कुठे फसतं ते कळलं की रेणू कळायला लागतो, सिंगल आणि डबल बॉन्डची लांबी सारखी नसते, त्यामुळे बॉक्सचा तळ सपाट राहत नाही आणि दोन लेव्हलमधली गॅप वाढते, म्हणून वेव्हलेंग्थ कमी होते. सायनिन डाय या रंगद्रव्यांमध्ये बॉन्ड जवळजवळ सारख्या लांबीचे असतात, तिथे हेच साधं गणित मस्त जमतं. पेपरात इतकं खोलात बहुतेक विचारत नाहीत, तरी कॅल्क्युलेटर घेऊन एकदा बसाच.