थेंबभर रक्तासाठी

इंग्लंडमधल्या आमच्या लेबर वॉर्डातली ती रात्र होऊन तीन आठवडे झाले, तरी मनातून जात नाही.

पहिलटकरीण. पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलेलं, आणि जवळजवळ प्रत्येक कळेबरोबर बाळाचे ठोके घसरत होते. सीटीजीची, म्हणजे बाळाचे ठोके आणि आईच्या कळा कागदावर उमटवणाऱ्या यंत्राची पट्टी घाबरवते खूप, सांगते थोडं. म्हणून बाळाच्या डोक्याच्या कातडीतून रक्त घेऊन सामू (पीएच) मोजायचा; बाळाला ऑक्सिजन कमी पडला की तो उतरतो. बर्लिनच्या एरिख झालिंग यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेली ही पद्धत. ७.२५ किंवा जास्त आला तर थांबता येतं, ७.२० किंवा कमी आला तर बाळ बाहेर काढायचं, मधला आला तर अर्ध्या तासात पुन्हा.

हात बसायला मला दोन वर्षं लागली. आईला डाव्या कुशीवर वळवून नळकांडं आत सरकवायचं, टाळू टाळून जागा धरायची, पुसायची. इथाइल क्लोराइडचा फवारा मारला की रक्त तिथे धावतं. वर पॅराफिनचा थर, नाहीतर थेंब मण्यासारखा न राहता केसांत पसरतो. मग दोन मिलिमीटरची चीर आणि काचेची बारीक नळी. पहिल्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला. दुसरीतलं रक्त यंत्रापर्यंत पोचेतो गोठलं, कारण यंत्र कॉरिडॉरच्या पार टोकाला. ते लेबर वॉर्डाच्या दाराशी असावं, हे कुणालाच का सुचत नाही?

तिसरी नळी: ७.२७. पंचवीस मिनिटं गेली होती. आई उशीत तोंड खुपसून रडत होती.

पहाटे बाळ आपसूक जन्मलं, खणखणीत रडलं. नंतर जुन्या अनुभवी मिडवाइफने पट्टी पुढ्यात ठेवली. चीर देण्याआधी मी बाळाचं डोकं पुसत होते त्या क्षणी ठोके १३५ वरून १५५ वर चढून वीस सेकंद तिथेच राहिले होते. स्पर्शाला बाळाने असा प्रतिसाद देणं ही चांगली खूण. माझी नजर दिव्याच्या झोतात होती.

"मला वाटलं, तू पाहिलंस," ती म्हणाली.

पाहिलं असतं तर चीर न देता थांबले असते का? त्या रात्री, ती पट्टी समोर असताना? ठामपणे सांगता येत नाही. पण निदान कुणीतरी मोठ्याने बोलायला हवं होतं, आणि बोलता येईल इतकी शांतता मी त्या खोलीत ठेवायला हवी होती.

सकाळी आईने बाळाच्या केसांतली बारीक खपली दाखवली. "याची गरज होती ना?"

मी हो म्हणाले.